पहाटेच्या सुरांचा पाहुणा

आमच्या यवतच्या घरी दिवाळी उजाडे ती रेडिओच्या सुरांनी. नरकचतुर्दशीच्या काळोख्या पहाटे आई परसात बंब पेटवून बसलेली असे, आजी उटण्याची वाटी कालवीत असे, आणि आम्ही पोरे पांघरुणात अंग चोरून पडलेली. मग आजोबा उठत. घोंगडी सावरीत फडताळापाशी जात आणि रेडिओचा कान पिळीत. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून एक तंबोरा झंकारू लागे, आणि त्याच्या अंगावर रेलून एक व्हायोलिन हळूच वर चढे. जेमतेम अर्ध्यामुर्ध्या मिनिटाची धून. पण ती पुन्हा पुन्हा वाजे, आणि निवेदकाचा आवाज येईपर्यंत आमच्या घरातले कुणीही मोठ्याने बोलत नसे. ती संपली की आजी म्हणे, "झाली आकाशवाणी जागी. आता तुम्ही उठा, नाहीतर नरकात जाल."

वाचकांपैकी ज्यांचे केस आज माझ्यासारखे पिकू लागले आहेत, त्यांना ही धून निराळी सांगावयास नको. तिला शब्द नाहीत, तरीही ती प्रत्येकाला पाठ आहे. कुणाला तिच्याबरोबर चहाचा वास आठवेल, कुणाला शाळेची घाई, कुणाला आता हयात नसलेल्या माणसाची खोकल्याची उबळ. मला उटण्याचा वास आठवतो.

पण ही धून रचली कोणी, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला माझ्या वर्गातल्या एका मुलीला. चारेक वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीच्या आधी मी मुलांना माझ्या लहानपणीच्या दिवाळीची हकीकत सांगत होतो. ओघात त्या धुनेचा विषय निघाला. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आपल्या एका थोर पंडिताने ती बांधली आहे." मागच्या बाकावरून आवाज आला, "नाव काय त्यांचं, गुरुजी?"

नाव मला ठाऊक नव्हते. ठाऊक नाही असे म्हणण्याचा प्रामाणिकपणाही त्या वेळी मला सुचला नाही. "पुढच्या इयत्तेत कळेल," असे म्हणून मी वेळ मारून नेली. मास्तर खोटे बोलला की त्याला रात्री झोप लागत नाही, निदान लागू नये. मी शोधाला लागलो. आणि जे सापडले ते असे की, तो आपला पंडित नव्हता. तो जर्मन भाषा बोलणारा, पियानो वाजविणारा, युरोपीय वाद्यवृंदाचे संचालन करणारा एक यहुदी तरुण होता. त्याचे नाव वॉल्टर कॉफमन.

*

कॉफमन यांचा जन्म 1 एप्रिल 1907 रोजी कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव उन्हाळ्यांचे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे. आपल्याकडे लोक वज्रेश्वरीला जातात तसे युरोपातले राजेरजवाडे, कवी आणि दुखऱ्या पोटाचे श्रीमंत लोक तेथे पाणी प्यावयास आणि स्नानास जात. त्या वेळी ते गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर, 1918 मध्ये, ते चेकोस्लोव्हाकिया नावाच्या नव्या देशात गेले. गावाची भाषा मात्र जर्मन. त्यामुळे कॉफमन कागदोपत्री चेक, भाषेने आणि शिक्षणाने जर्मन आणि वंशाने यहुदी, असा त्रिवेणी संगम होता. तो काळ असा येत होता की, अशा संगमात उभ्या राहणाऱ्याला कोणताच काठ आपला म्हणणार नव्हता.

पोरगा संगीतात पुढे होता. बर्लिनच्या सरकारी संगीत विद्यालयात त्याने फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचनेचे शिक्षण घेतले. श्रेकर हे त्या काळचे जर्मन ऑपेराचे मोठे रचनाकार. तेथेच त्याला कुर्ट झाक्स या पंडितांचाही लाभ झाला. ह्या झाक्स यांची ओळख मराठी वाचकांना करून दिली पाहिजे, कारण आपले त्यांच्याशी एक जुने नाते निघते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग केले: तारांची ती तत, फुंकीची ती सुषिर, कातड्याने मढविलेली ती अवनद्ध आणि टाळ-झांजांसारखी ती घन. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी आपली वाद्ये बेल्जममध्ये ब्रुसेल्सच्या संग्रहालयास पाठविली. तेथील अभ्यासक माहियाँ यांनी ही चौरंगी विभागणी उचलली, आणि तिच्याच पायावर झाक्स आणि होर्नबोस्टेल या दोघांनी 1914 मध्ये जगातील सर्व वाद्यांचे वर्गीकरण रचले. आजही जगभरची वाद्यसंग्रहालये तेच वापरतात. म्हणजे भरताची चार खणांची पेटी कलकत्त्याहून ब्रुसेल्सला आणि ब्रुसेल्सहून बर्लिनला गेली होती. पुढे मुंबईस येणारा विद्यार्थी त्याच बर्लिनमध्ये शिकत होता.

उन्हाळ्याच्या दिवसांत हा तरुण बर्लिन, कार्ल्सबाड आणि एगर येथील नाटकगृहांतून ऑपेराचे संचालन करी. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्याने माहलर या रचनाकाराच्या सिंफनींवर प्रबंध लिहिला. तो स्वीकारला जाणार, पदवी मिळणार, असा योग आला. तेवढ्यात त्याला कळले की, आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझी मताच्या युवकांचे पुढारी आहेत. त्याने पदवीच नाकारली.

येथे मी वाचकांना घटकाभर थांबण्याची विनंती करतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पदवीच्या त्या कागदाची किंमत, तो नसलेल्या माणसाइतकी कुणाला कळत नाही. गावच्या समारंभात नावापुढे दोन अक्षरे लावलेल्या माणसाला खुर्ची मिळते, आणि मी सतरंजीवर बसतो, याचे मला वाईट वाटत नाही असे मी म्हणणार नाही. म्हणून, हातातोंडाशी आलेला तो कागद केवळ देणाऱ्याचा हात मळलेला आहे एवढ्यासाठी परत करणारा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा मला फार मोठा वाटतो. त्याची धून मी लहानपणापासून ऐकत होतो. पण त्याच्यापुढे मान लवली ती ही हकीकत वाचून.

1933 च्या जानेवारीत हिटलरच्या हाती जर्मनीची सत्ता गेली होती. एप्रिलमध्ये यहुदी लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला. झाक्स देश सोडून पॅरिसला गेले. श्रेकर यांची जागा तर आधीच गेली होती. ते खचले, आणि 21 मार्च 1934 रोजी बर्लिनमध्येच वारले. त्या वेळी त्यांचा शिष्य मुंबईत होता. गुरूच्या मृत्यूच्या महिनाभर आधीच, फेब्रुवारी 1934 मध्ये, तो बोटीने येथे येऊन पोहोचला होता.

*

मुंबईच का? ह्याचे खुद्द कॉफमन यांनी दिलेले उत्तर मोठे साधे आहे: येथे येण्याचा परवाना सहज मिळाला. पुढे घर करून राहण्याचा त्यांचा विचार नव्हता. युरोपातले वादळ ओसरेपर्यंत काही दिवस काढावे, एवढाच हेतू. त्या काही दिवसांची बारा वर्षे झाली.

पण ओढ निव्वळ परवान्याची नव्हती. येण्याआधी त्यांनी आपल्या संगीताच्या काही तबकड्या ऐकल्या होत्या, आणि येथे आल्यावर प्रत्यक्ष ऐकले. दोन्ही वेळा त्यांना काहीही उमजले नाही. सूर परके, लय परकी, आणि ज्याला युरोपात हार्मनी म्हणतात, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरांनी मिळून उभी केलेली इमारत, तिचा तर पत्ताच नाही. अशा वेळी गोरा साहेब सामान्यतः काय म्हणे ते आपण जाणतोच. ह्या माणसाने वेगळा विचार केला. हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी निर्माण केले आहे. लक्षावधी लोक त्यावर प्रेम करतात. मग मला ते आवडत नसेल तर चूक त्या संगीताची नसून माझी आहे. तेव्हा ते जेथे जन्मले तेथे जाऊन शिकले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष.

"चूक माझी आहे." तीन शब्द. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिण्याची आमच्याकडे रीत आहे. मला अधिकार असता तर मी हे तीन शब्द लिहिले असते.

मुंबईत युरोपीय संगीताची वाट अगदीच ओसाड नव्हती. गोव्यातील ख्रिस्ती मुलांना चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा जुनी. त्यांतले अनेक कलावंत पोटासाठी मुंबईस येत आणि हॉटेलांतून, मूकपटाच्या आणि पुढे बोलपटाच्या वाद्यवृंदांतून वाजवीत. पारशी घरांतून पियानो असे. ह्याच समाजातले मेहली मेहता हे तरुण व्हायोलिनवादक कॉफमन यांना भेटले. येऊन तीन महिने होतात न होतात तोच, मे 1934 मध्ये, कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहता, चेलोवर एदिज्यो व्हेर्गा हे इटालियन वादक. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल. पहिल्या तीन वर्षांतच सव्वाशेहून अधिक मैफली झाल्या. संख्येपेक्षा सातत्य पाहावे. गुरुवार आला की वाजवायचे. श्रोते दहा असोत की शंभर. आमच्या गावचे भजनी मंडळ एकादशी चुकवीत नाही, त्या जातीची ही निष्ठा.

मेहली मेहता यांनी पुढे 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांच्या घरी 1936 मध्ये जन्मलेला मुलगा म्हणजे जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता.

महालक्ष्मीजवळच्या रेवा हाऊस नावाच्या दुमजली घरात कॉफमन यांचा संसार होता. पत्नीचे नाव गेर्टी. ती प्रागची, आणि फ्रान्झ काफ्का या विख्यात लेखकाची सख्खी भाची. त्यांच्या एली नावाच्या बहिणीची मुलगी. संसार चालविण्यासाठी कॉफमन पडेल ते काम करीत. जर्मनीत चित्रपटकला शिकून आलेले मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठी त्यांनी संगीत दिले. 1939 मध्ये प्रागहून विली हास हे त्यांचे लेखक मित्र जीव मुठीत धरून मुंबईस आले, त्यांना ह्या घराचा आधार होता. निर्वासिताने निर्वासिताला हात द्यावा, यात नवल ते काय?

*

आता त्या धुनेकडे वळू. हिंदुस्थानात नभोवाणीचे पहिले रीतसर केंद्र मुंबईत 23 जुलै 1927 रोजी खासगी कंपनीने सुरू केले. ती कंपनी बुडाली, सरकारने कारभार घेतला, आणि 8 जून 1936 पासून त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी श्रोत्याला आपले केंद्र ओळखता यावे म्हणून एखादी खूण हवी होती. ती खूण कॉफमन यांनी 1936 मध्ये सुरांत करून दिली. 1937 पासून 1946 पर्यंत ते मुंबई केंद्रावर युरोपीय संगीत विभागाचे प्रमुख होते. ह्या धुनेचे श्रेय अधूनमधून इतरांनाही दिले गेले, परंतु आज ती सर्वत्र कॉफमन यांच्याच नावे सांगितली जाते. व्हायोलिन मेहली मेहतांचे, असेही जाणकार सांगतात.

धून शिवरंजनीच्या अंगाने जाते. ज्यांना राग कळत नाहीत त्यांच्यासाठी सोपे करून सांगतो: भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. आपल्या पहाटेच्या भूपाळ्या अनेकदा ह्याच स्वरांत म्हटल्या जातात. त्यातला गांधार तेवढा कोमल केला की शिवरंजनी झाली. भूपातली उजेडाची प्रसन्नता जाते आणि तिच्या जागी एक हुरहूर येते. पहाट तीच, पण कुणाची तरी वाट पाहणारी.

हा केवळ रागाचा प्रश्न नव्हता. कॉफमन यांचे स्वतःचे वाद्य पियानो. त्याच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. प्रत्येक पट्टीचा सूर लोखंडी चौकटीत ताणलेल्या तारेने कायमचा ठरलेला. एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारता येते, घसरत जाता येत नाही. आपल्या गाण्याचा प्राण तर नेमका त्या घसरण्यात, मींडेत आहे. दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती पियानोला मुळी ठाऊकच नाहीत. त्यांनी केले काय, तर आपले वाद्य बाजूस ठेवले. खाली तंबोरा ठेवला, जो कधीही बदलत नाही. आणि वर व्हायोलिन, ज्याला पट्ट्या नाहीत, जे हवे तेथे थांबू शकते. इमारत उभारण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाने एकच पणती लावली, आणि तिच्याभोवतीचा काळोख तसाच राहू दिला.

आणि हे व्हायोलिन तरी कोठले? तेही युरोपाचेच. दोनशे वर्षांपूर्वी ते दक्षिणेत आले, मांडी घालून बसले आणि कर्नाटकी गायकीचे सोबती झाले. आमच्या भजनी मंडळाची पेटीही अशीच. तिचा मूळपुरुष पॅरिसमध्ये जन्मला. पायाने भाता हलविण्याची ती वस्तू कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने हवा भरण्याजोगी केली, आणि ती देवळात जाऊन बसली. गंमत अशी की, 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने ह्याच पेटीला आपल्या केंद्रांत बंदी केली. तिचे सूर पियानोसारखेच बांधलेले, तिला मींड नाही, ती आपल्या संगीताला मारक आहे, असे कारण. तीसेक वर्षे ती बंदी चालली. म्हणजे ज्या संस्थेत पट्ट्यांच्या पेटीला प्रवेश नव्हता, त्या संस्थेचा दिवस पट्ट्यांच्या वाद्यावर वाढलेल्या माणसाच्या सुरांनी उजाडत होता. माझे आजोबा आयुष्यभर पेटी वाजवीत. ही हकीकत त्यांना ठाऊक असती तर ते मिशीत हसले असते.

*

सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि हिंदुस्थानातील जर्मन लोकांची धरपकड झाली. अहमदनगर, देवळाली येथे त्यांच्या छावण्या पडल्या. पुढे अनेक जर्मन कुटुंबे पुरंदर किल्ल्यावर ठेवण्यात आली. पुरंदर आमच्यापासून फार दूर नाही. शिवाजी महाराजांच्या तहाचा धडा शिकविताना मी मुलांना त्या गडावर घेऊन जातो. पण ह्या छावणीचा उल्लेख आमच्या कोणत्याही धड्यात नाही. हिटलरला मानणारे आणि हिटलरपासून पळून आलेले, दोघेही सरकारच्या लेखी शत्रूच ठरत आणि एकाच कुंपणाआड जात. कॉफमन चेक नागरिक होते. ते मुंबईतच आपल्या कामावर राहिले.

पण कुंपणाबाहेर राहिला म्हणून माणूस सुखात असतो असे नाही. तिकडे प्रागमध्ये गेर्टीची आई एली हिला 1941 मध्ये पोलंडमधील लोड्झ येथील यहुद्यांच्या कोंडवाड्यात पाठविण्यात आले. एलीच्या पाठची बहीण व्हाली हिलाही तेथेच पाठविले. सर्वांत धाकटी ओट्टला 1943 मध्ये आउश्वित्झला गेली. तिघींपैकी एकही परत आली नाही. काफ्का स्वतः 1924 मध्येच क्षयाने वारला होता. त्याच्यावर हा प्रसंग यावयाचा राहिला एवढेच.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून प्रसंग डोळ्यांसमोर आणण्याची मला खोड आहे. महालक्ष्मीचे ते घर, समुद्राचा वारा, आईचे पत्र येत नाही म्हणून थिजलेली लेक. आणि तिचा नवरा ज्या केंद्रात कामाला जातो त्या केंद्राचा दिवस त्याच्याच सुरांनी सुरू होतो. ते सूर सगळ्या देशाला ऐकू जातात. जिला ऐकू जावेत असे लेकीला वाटत असेल, तिच्यापर्यंत मात्र पोहोचत नाहीत. हे माझे कल्पनाचित्र आहे, तसेच ते समजावे. तारखा मात्र कल्पनेच्या नाहीत.

*

1946 मध्ये कॉफमन यांनी मुंबई सोडली. आधी लंडन, तेथे बी.बी.सी.च्या वाद्यवृंदांचे संचालन. 1947 मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स येथे पियानो-शिक्षक. आणि 1948 पासून दहाएक वर्षे विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे पहिले संचालक. गेर्टीशी विवाह टिकला नाही. तेथे त्यांनी फ्रीडा ट्रेपेल या पियानोवादक बाईंशी लग्न केले. 1957 पासून ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. ज्याने पदवी नाकारली तो पदवीदात्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. 9 सप्टेंबर 1984 रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे देहावसान झाले.

हिंदुस्थान मात्र त्यांच्यातून गेला नाही. 1948 मध्ये त्यांनी वाद्यवृंदासाठी एक छोटी रचना केली, तिचे नाव "मद्रास एक्स्प्रेस". हे नाव प्रथम वाचले तेव्हा मला हसूच आले. मुंबईहून मद्रासची गाडी पुणे, दौंड, सोलापूर ह्या मार्गाने जाई. म्हणजे ती आमच्या यवतच्या स्टेशनावरून धडधडत जाणार. लहानपणी आम्ही फाटकापाशी उभे राहून ह्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना हात हलवीत असू. कॉफमन त्या वाटेने कधी गेले की नाही, ते मी सांगत नाही. पण आमच्या रुळांवरून जाणाऱ्या गाडीचे नाव एका सिंफनीवाल्याच्या वहीत चढले, एवढ्यावरच मी खूष आहे.

त्यांचे खरे ऋण मात्र पुस्तकांत आहे. 1968 मध्ये "उत्तर हिंदुस्थानचे राग" हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि 1976 मध्ये दक्षिणेच्या रागांवरचा. उत्तरेच्या ग्रंथाची मांडणी त्यांनी दहा थाटांवर केली. हे दहा थाट कोणाचे? पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे. भातखंडे वाळकेश्वरचे, आणि वारले तेही मुंबईतच, 19 सप्टेंबर 1936 रोजी. म्हणजे ज्या वर्षी ती धून रचली गेली त्याच वर्षी. एका मराठी वकिलाने गावोगावच्या उस्तादांची मनधरणी करून, वह्या भरभरून जी व्यवस्था लावली, तिच्या आधारे एका निर्वासिताने आपले राग सातासमुद्रापलीकडच्या विद्यार्थ्यांना शिकविले. तबकडी ऐकून काहीच न उमजल्यापासून ह्या जाडजूड ग्रंथापर्यंत तीस-पस्तीस वर्षे गेली. "चूक माझी आहे" असे म्हणणे सोपे. ती दुरुस्त करावयास अर्धे आयुष्य लागते.

आणि आपण? पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. 1 एप्रिल 1955 रोजी तेथून गीतरामायणाचा आरंभ झाला, आणि घराघरांत लोक रेडिओला हार घालून बसले. योगायोगाने तो कॉफमन यांचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस होता. त्या सकाळीही केंद्र उघडले असेल ते त्यांच्याच सुरांनी. माडगूळकर आणि फडके ही नावे आमच्या ओठांवर आहेत, आणि असावीतच. पण दार उघडणाऱ्याचे नाव कुणी विचारले नाही. मी रेडिओवर कधी रात्री पियानोचे सूर लागले तर "काय हे टिंगटिंग" म्हणून बटण फिरवीत असे. चूक त्या पियानोची नसून माझी असेल, हे मला एकदाही वाटले नाही.

त्यांच्या स्वतःच्या रचनाही फार वर्षे कपाटात पडून होत्या. 2020 मध्ये कॅनडातील एका वादकसंचाने त्यांच्या काही चेंबर रचनांची तबकडी काढली. मोबाईलवर मी ती ऐकली. पहिल्यांदा फारसे कळले नाही. दुसऱ्यांदा व्हायोलिनच्या एका वळणावर मान आपोआप हलली. तिसऱ्यांदा ऐकतो आहे.

*

दर वर्षी आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरहून निघते आणि आमच्या गावी मुक्कामास येते. त्या रात्री यवतकर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात, काहिलींतून पिठलं रटरटते, आणि कुणी कुणाला "तुमचं गाव कोणतं?" हे विचारतो ते केवळ बोलणे काढण्यासाठी, वाढण्यासाठी नव्हे. सकाळी पालखी वरवंडच्या वाटेला लागते. पाहुणा जातो. पण आमच्या आजीची एक रीत होती. पाहुणा उंबरा ओलांडताना ती त्याला नाव विचारून घेई. म्हणे, "जेवला त्याचं नाव ठावं असावं. पुढल्या साली हाक मारायला बरं."

कॉफमन आपल्या मुंबईत बारा वर्षे जेवले, आणि जाताना वाढून गेले. नाव विचारून घ्यावयाचे तेवढे आपल्याकडून राहून गेले.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या पहिल्या दिवशी मी वर्गात गेलो आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: वॉल्टर कॉफमन. मग मुलांना सांगितले की, मागच्या वेळी मी तुम्हांला चुकीचे सांगितले होते. तो माणूस कोण, कोठला, का आला, हे सगळे सांगितले. मोबाईलवर धून लावली. आमच्या वर्गात इतकी शांतता मी पूर्वी ऐकली नव्हती.

धून संपल्यावर मागच्या बाकावरची ती मुलगी उठली. मला वाटले, आता आणखी एखादा अवघड प्रश्न येणार. ती म्हणाली, "गुरुजी, ते परत घरी गेले का?"

मी म्हणालो, "नाही बाळ. त्यांचे घर उरले नव्हते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग खाली बसली, वही उघडली, आणि फळ्यावरचे नाव उतरवून घेऊ लागली.